अर्धी पेटी

दोन हजार सालच्या आंब्याच्या हंगामात बाबा पेट्या अर्ध्याच भरायला लागले. महिन्यापूर्वी त्यांच्या मेंदूत गुठळी झाली होती, पण हातपाय सावरले होते. पेंढ्यावर फक्त उजवीकडे आंबे लावायचे आणि म्हणायचे, "झाली. खिळे ठोक." वाशीचा टेम्पो दारात उभा, मी खळ्यात येरझाऱ्या घालत होतो. शेवटी ओरडलोच, "बाबा, अर्धी रिकामी आहे, दिसत नाही?"

"भरल्ये की!"

संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, "डोळे उत्तम आहेत. मेंदूनंच डावी बाजू सोडून दिलीय."

घरी येऊन मी पेटी फिरवून ठेवली. बाबांनी उरलेली बाजू निमूट भरली.

महिनाभर जेवताना मी त्यांच्या डावीकडे बसत होतो, आणि माझ्याशी बोलत नाहीत म्हणून धुमसत होतो.