ताईचा ठिपका

ताई खगोलशास्त्रज्ञ होती आणि रात्री साडेनऊला गाढ झोपायची. बदलापूरच्या तिच्या सोसायटीतली मुलं कोजागरीला गच्चीवर बोलवायला आली की म्हणायची, "मला झोपू द्या रे, माझं काम दुपारचं असतं."

तिचं काम म्हणजे फोटो तपासणं. दूर कुठेतरी एखादा अवाढव्य तारा मरताना गॅमा किरणांचा झोत फेकतो आणि मागे मंद उजेड राहतो, तो काही दिवसांत विझतो. दुर्बिणींनी रोज काढलेल्या आकाशाच्या फोटोंमध्ये असा उजेड शोधायचा आणि खात्री झाली की संस्थेच्या नावाने मोठ्या दुर्बिणींना खबर पाठवायची. मी अंबरनाथची, तिची विद्यार्थिनी; आम्ही तिच्या जेवणाच्या टेबलावरच बसायचो. मी एखादा ठिपका दाखवला की ती लगेच त्याच्याविरुद्ध वकीलपत्र घ्यायची. "लघुग्रह असेल. कॅमेऱ्याचा डाग असेल. आधी बाद करायला बघ, मग त्याचे लाड कर."

बाजारातही हीच तऱ्हा. उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये जीन्स घेताना दुकानदार म्हणाला, "दीदी, एक्सपोर्ट का माल है."

"तो फिर वापस क्यों आया, भाईसाब?"

तो हसला आणि खिशाची तिरकी शिवण त्याने स्वतःच दाखवली. ताईने तीच जीन्स घेतली. दोष कळला की तिचा जीव शांत व्हायचा.

मग एक ठिपका सापडला. भराभर मावळलेला, त्या जागी आधी काहीच न दिसणारा. ताईची संस्थेतली मुदत संपत आली होती. एक पक्का उजेड मिळाला तर ती वाढणार होती. मी पेढे आणले. ताईने पेढा खाल्ला आणि दुसऱ्या दुर्बिणींचे जुने फोटो एकावर एक रचत बसली. संध्याकाळी नेमका त्याच जागी एक अंधुक लाल तारा उमटला. आपल्याच आकाशगंगेतला, मध्येच भडकून शांत होणारा.

"ताई, एवढं उकरून कोण बघणार होतं?"

"मी बघितलं ना," ती म्हणाली आणि ठिपका बाद केला. 

मुदत वाढली नाही. आता ती अंबरनाथला मुलांना फिजिक्स शिकवते. मला तेव्हा तिचा रागच आला होता.

मी मात्र त्याच संस्थेत राहिले. गेल्या महिन्यात मला एक ठिपका मिळाला, अजून विझत असलेला. मोठ्या दुर्बिणीवर वेळ मिळता मिळत नाही, तरी मी विनंती पाठवली आणि त्यांनी त्याच दिवशी दुर्बीण वळवली. उजेड खरा निघाला. आभार मानायला फोन केला आणि सहज विचारलं, एवढा विश्वास कसा ठेवलात? पलीकडचा माणूस म्हणाला, "तुमच्या संस्थेकडून आजवर खोटी खबर आलेली नाही."

एक खबर न पाठवता ताईने नोकरी घालवली होती, हे त्याला कुठून ठाऊक असणार? मी फोन ठेवला आणि मला रडूच आलं.