एकेकाला एकच बैल

माझी वहिनी स्नेहल मिरजगावात बसून कंप्युटरवर गेम बनवते म्हटलं, की पाव्हनेमंडळी माझ्याच तोंडाकडं बघत्यात. बघा बापडे! दुष्काळात आठ जनांनी तग धरायचा, असा तिचा गेम हाय. पुन्याची कंपनी तो बाजारात आननार का न्हाई, हे त्या रविवारी ठरायचं हुतं. न्हाई म्हटले असते, तर वहिनीची तीन वर्षं मातीत.

आधी आमी घरच्यांनीच खेळून बघितला. माझ्या भावानं, रविराजदादानं, समद्यांना लुटलं आन् अर्ध्या तासात एकटाच उरला. मग म्हनतो, "जिंकलो, पन आता करू काय?" आन् जांभया देत उठला.

मला लई वाईट वाटलं. वहिनी मात्र हसली. "निकिता, शेजारी मेला तर आपलं अडतं का काही? न्हाई ना? अडलं पायजे." मग तिनं गेममधी सावड घातली. आमच्याकडं ज्याच्या दावनीला एकच बैल, तो शेजाऱ्याच्या बैलाशी जोडी लावतो. आज तुझं रान, उद्या माझं. गेममधी बी प्रत्येकाला एकच बैल दिला, आन् मालक सोबत नसला तर तो बैल पाऊल उचलत न्हाई.

"अगं, लोकांना लुटालूट लागते," मी म्हटलं.

"लुटू दे की. मी कुठं अडवते?"

रविवारी कंपनीचे समर्थ सर आले, आन् आमी घरचे बी त्यांच्यासंगं खेळायला बसलो. खेळ सुरू झाला न् झाला, तोच सरांनी माझाच बैल सोडून नेला! माझं टाळकंच सटकलं. त्यांनी दोन्ही बैल जुंपले, हाकलले, पन माझा बैल ढिम्म. बाकीच्यांनी जोड्या लावून पेरायला सुरुवात केली, आन् या चोराला जोडीला कोन घेतंय? त्यांचं धान्य संपत आलं तसा हेडफोनमधी सरांचा आवाज आला, "निकिताताई, चुकलं माझं. येता का? आज माझं नांगरू, उद्या तुमचं."

"तुमच्यावर भरवसा कुनी ठेवायचा, ओ?" मी लई भाव खाल्ला, पन गेले. माझं तरी त्यांच्या बैलाबिगर कुठं भागत हुतं?

त्यांचं रान नांगरून झालं, तेवढ्यात ड्रायव्हर दारात आला. "सर, निघायचं ना? उशीर झालाय."

झालं, माझं रान पडीक, असं मी धरूनच चालले. सरांनी मान बी वर केली न्हाई.

"थांबा हो जरा. ताईंचं रान राहिलंय."

वहिनी बिनधास्त चहा टाकायला गेली.