बाई पाहिजे

आम्ही जुन्या मास्तरणी एकत्र बसलो की आधी गुडघे निघतात, मग सुना निघतात, आणि चहा गार व्हायला लागला की आमची पोरं लहानपणी कुणी सांभाळली हे निघतं. शाळेच्या गमती सांगून संपल्या. ह्या काही संपत नाहीत. एकीनं एक सांगितली की तिचा पदर धरून दुसरी येतेच.

माझ्याकडच्या सगळ्या एकाच वर्षातल्या. चीनची लढाई होऊन गेली होती. आमचे हे फौजेत, तिकडं वर कुठंतरी बर्फात. मी पलूसजवळच्या एका गावात मुलींच्या शाळेवर. बाळू तीन महिन्यांचा झाला आणि माझी रजा संपत आली. घरात मी आणि तो, दोघंच. त्याला सांभाळायला कुणी मिळालं तर नोकरी राहणार, नाहीतर गाशा गुंडाळून सासरी उंब्रजला जायचं. आणि मला नोकरी सोडायची नव्हती. तेव्हा हे तोंडानं बोलायची सोय नव्हती, आता बोलते.

*

रहिमतपूरला माझे मामा होते. त्यांना मी कार्ड टाकलं, ‘एक चांगली बाई पाहिजे. शांत स्वभावाची. लवकर पाठवा.’

आठव्या दिवशी एसटीतून एक बाई उतरली. इस्त्रीचं पातळ, पायात चपला, काखेत पिशवी. मी चहा केला. तिनं पिशवीतून सातवीची फायनल पास झाल्याचं सर्टिफिकेट काढून माझ्यापुढं ठेवलं. मला वाटलं, मामांनी जरा जास्तच शोधून काढली. बाळू सांभाळायला फायनल पास!

मी विचारलं, “फार रडायला लागला तर काय कराल?”

“आधी समज देईन,” ती म्हणाली. “नाहीच ऐकलं तर वर्गाबाहेर उभं करीन.”

तेव्हा कुठं डोक्यात प्रकाश पडला. मास्तरीण ‘बाई पाहिजे’ लिहिते म्हणजे शाळेलाच बाई पाहिजे, असं मामांनी धरून चाललं होतं. बिचारी जेवली, बाळूला थोडा वेळ खेळवलं आणि दुपारच्या गाडीला निघाली. पायरी उतरताना मागं वळून म्हणाली, “तुम्ही नोकरी सोडायचं ठरवलंत, तर आधी मला कळवा हं.”

*

मग सासूबाई आल्या. आठ दिवस बाळूला तेल लावलं, शेक दिला, दृष्ट काढली. मी निवांतपणे शाळेत रुजू झाले. नवव्या दिवशी घरी येऊन बघते तर त्यांची पिशवी भरलेली.

“आत्याबाई, अजून चार दिवस राहा की.”

“म्हस व्याया झालीया. तुझ्या पोराला कोन बी घील. माज्या म्हशीपाशी मी सोडून कोन बसंल?”

मला रागच आला. “म्हणजे नातवापेक्षा म्हैस मोठी का?”

“न्हाई गं बाई, नातूच मोठा,” त्या शांतपणे म्हणाल्या. “पर त्येला तूप कोन धाडंल? मी का तू?”

पुढं दर महिन्याला तुपाचा डबा येत राहिला.

*

आमचे घरमालक अण्णा, फौजेतले पेन्शनर सुभेदार. माझी ओढाताण त्यांना बघवेना. म्हणाले, “सूनबाई, आख्खी पलटण सांभाळली मी. एक रंगरूट सांभाळता येत न्हाई व्हय?”

मधल्या सुट्टीत मी बाळूला पाजायला घरी आले. भिंतीला पाटी टांगलेली. तिच्यावर अण्णांच्या अक्षरात लिहिलेलं, ‘दहा वाजता, दूध. अकरा वाजता, झोपायचा हुकूम. अकरा पाच, हुकूम मोडला.’ पुढं काही लिहिलेलं नव्हतं. खाटेवर अण्णा तोंड उघडं टाकून घोरत होते आणि बाळू त्यांच्या छातीवर टक्क जागा.

अण्णा चार दिवस टिकले. पाचव्या दिवशी कंबर धरून दारात उभे राहिले.

“जवान तब्येतीनं चांगला हाय, पर फौजेत घालू नका. हुकूम घेत न्हाई, देतो.”

*

त्यानंतर एक म्हातारी मिळाली. तिचं नाव सांगत नाही, तिची नातवंडं अजून गावात आहेत. तिच्याकडं बाळू रडायचाच नाही. कधीही या, झोपलेला. मी शाळेत सगळ्यांना सांगत सुटले, म्हातारी लय गुणाची.

आठव्या दिवशी मी पाजायला घेतला तर तोंडच उघडेना. मान टाकलेली. तसाच उचलून पळत डॉक्टरांकडं नेला. ते म्हणाले, “ह्याला काय दिलंय?”

म्हातारी मागून आलीच होती. तिला लपवायचंही सुचलं नाही. “बाळगोळी. समदीच देत्यात की. माजी सा पोरं त्येच्यावरच वाढली.”

बाळगोळीत अफू असायची. बाळू संध्याकाळपर्यंत डोळे उघडेना. मी त्याच्या उशाशी बसून होते आणि माझ्या मनात एकच, मी नोकरीसाठी पोर घालवलं. त्यानं डोळे उघडले, दूध प्याला, आणि मला हुंदका आवरेना. ह्यात हसण्यासारखं काही नाही, पण आम्ही बसलो की हीही सांगितली जाते.

दुसऱ्या दिवशी मी राजीनामा लिहून हेडबाईंच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो वाचला आणि ड्रॉवरमध्ये टाकला. म्हणाल्या, “ह्याच्यावर तारीख नाही. सोमवारपर्यंत सोय बघा, नाहीतर मी घालते.”

*

आमची शिपाईण सखू बाहेर ऐकत होती. ती म्हणाली, “लेकराला बघावं तर चंद्राबाईनं. पर बाई, ती...” मला समजलं. ती माणसं सात-आठ वर्षांपूर्वी बौद्ध झालेली. गावानं मात्र त्यांना अजून जुन्याच जागी ठेवलं होतं. चंद्राबाईची लीला माझ्याच वर्गात, तिसरीत होती.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी त्यांच्या वस्तीत गेले. चंद्राबाई अंगणात ज्वारी पाखडत होती. मी सगळं सांगितलं, बाळगोळीचंसुद्धा. तिचं सूप थांबलं नाही.

“आवं बाई, लेकराला मी जिवापाड बघीन,” ती म्हणाली. “तुमच्या घरात मला कुटवर येऊ द्याल, त्ये मी इचारत न्हाई. एकच सांगा. शाळंत माज्या लीलाला पानी कसं मिळतं?”

शाळेत बाकीच्या मुली माठातून आपल्या हातानं पाणी घ्यायच्या. लीला आणि तिच्या वस्तीतल्या दोघी ओंजळ धरून उभ्या राहायच्या आणि सखू वरून ओतायची. तीन वर्षं मी त्या शाळेत होते. मला हे दिसत नव्हतं असं नाही. रोज दिसत होतं. त्या अंगणात मला स्वतःची फार लाज वाटली.

“इचार करा,” चंद्राबाई म्हणाली. “मी बी करते.”

सोमवारी बाळूला अण्णांजवळ ठेवलं आणि शाळेत गेले. मधल्या सुट्टीत लीला ओंजळ धरून उभी राहिली. मी सखूच्या हातातलं भांडं घेतलं आणि लीलाच्या हातात दिलं.

“लीला, तुझं तू घे.”

सखू हळूच म्हणाली, “बाई, हेडबाई काय म्हनतील?”

“त्यांच्याशी मी बोलते.”

लीलानं माझ्याकडं बघितलं, मग माठाकडं. पहिलं भांडं निम्मं अंगावर सांडलं. दुसरं प्याली. तिसरं प्याली. घंटा झाली, मुली वर्गात गेल्या, तरी ती माठापाशीच होती. मी तिला हाक मारली नाही.

शाळा सुटताना हेडबाईंनी मला बोलावलं. लीलाचं त्यांच्या कानावर गेलंच होतं. ड्रॉवर उघडून त्या म्हणाल्या, “तारीख घालू?”

मी म्हटलं, “उद्यापर्यंत थांबा.”

मंगळवारी सकाळी दार उघडलं तर समोर चंद्राबाई. डोकं चापून विंचरलेलं, धुतलेलं लुगडं.

“आवं बाई,” ती म्हणाली, “पोरगी रातचं चारदा उठली की. किती पानी पेली काल!”

आणि बाळूला घ्यायला तिनं दोन्ही हात पुढं केले.