वडील पीत नव्हते

आमच्या वडिलांनी आयुष्यात कधी दारूला हात लावला नाही. गळ्यात लिंग होतं, रोजची पूजा झाल्याशिवाय ते चौसाळ्यातलं किराणा दुकान उघडत नसत. तरी त्यांच्या मातीच्या दिवशी, मंडपाच्या पलीकडे उभा असलेला एकजण दुसऱ्याला म्हणाला, ते मी माझ्या कानांनी ऐकलं.

"लिव्हर गेलं म्हणजे घेतच असणार की बे. दुकानामागं बसून घेत असंल."

दुसरा हसला. मला तेव्हाच बाहेर जाऊन बोलायचं होतं. चुलत्यांनी अडवलं आणि घरातल्या सगळ्यांना बजावलं, "आजपासनं कुणीबी इचारलं तर कावीळ सांगायचं. लिव्हरचं नाव काढायचं न्हाई." त्यांना वाटलं, झाकली मूठ. मला अजून त्याचा राग आहे, कारण त्या काविळीनं आमचं दुहेरी नुकसान केलं. वडिलांना आजार झाला तेव्हाही घरात कावीळच धरली होती. त्यांच्या डोक्यावर काविळीची माळ घातली, ती गळ्यात उतरायची वाट बघितली, आणि सकाळ-संध्याकाळ तांब्या भरून उसाचा रस पाजला. साखरेचा आजार असलेल्या माणसाला. शहरात नेलं तोवर पोटात पाणी झालं होतं.

गेल्या महिन्यात माझ्या पित्ताशयातल्या खड्यासाठी सोनोग्राफी झाली. लिव्हरवर चरबी निघाली. मी काटकुळी, चार माणसांची कामं करणारी बाई. मशीन चुकलं असेल, असं मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्यांनी घरात कुणाला लिव्हरचं काही होतं का, असं विचारलं. वडिलांचं सांगितलं.

"पीत होते?"

"नाही."

मी पुढचा वाद घालण्याच्या तयारीतच होते. पण त्यांनी ते सरळ मान्य केलं. लिव्हरमधली चरबी हलवायचं काम काहींच्या शरीरात जन्मापासूनच मंद असतं, म्हणाल्या. हा गुण आईबापाकडून येतो, बारीक माणसालाही सोडत नाही, आणि वर साखर-वजन वाढलं की आजार जोर धरतो. तुमच्या वडिलांचं नक्की तेच होतं का, हे आता कुणी सांगू शकणार नाही. पण रक्ताच्या माणसांनी तपासून घ्या, लवकर कळलं तर आवरता येतं.

मी त्याच दिवशी कुणाकुणाला तपासायचं ते लिहून काढलं. धाकटा भाऊ पहिला. त्याला साखर आहे, दुकानात बसून वजन वाढलंय, आणि दोन महिन्यांपासून तो दुपारी गल्ल्यावरच पेंगतो.

मी आष्टीहून चौसाळ्याला गेले, तर भावाच्या हातात उसाच्या रसाचा ग्लास. चुलत्यांनी आणलेला.

"डोळं पिवळट दिसत्यात त्याचं," चुलते म्हणाले. "रस लई थंड असतो."

"हाच रस पाजून बाबांना घालवलं, काका."

"तू आष्टीला दिलेली. हितलं आमी बघतो."

भाऊ मधे पडला. "ताई, पोरीचं जमू दे. आज तलवाड्याचे पावणे यायलेत. मंग कुठं बी येतो."

"लिव्हर थांबणार हाय का तुझ्या पोरीच्या लग्नापर्यंत?"

 त्यानं ग्लास खाली ठेवला.

पाहुणे आले. पोहे झाले, पोरीला प्रश्न विचारून झाले. मग मुलाच्या वडिलांनी सहज विचारलं, "पोरीचे आजोबा कशानं गेले म्हणायचे?"

"काविळीनं," चुलते म्हणाले. इतक्या पटकन, की जणू प्रश्नाआधीच उत्तर तयार होतं.

मी चहाचा ट्रे खाली ठेवला. "लिव्हर गेलं त्यांचं. दारू न पिता. तो आजार घराण्यात असू शकतो, माझ्यातही निघालाय. उद्या भावाला तपासायला नेतीय."

मुलाच्या आईनं पोरीकडे पाहिलं. "मंग हिला बी होतंय का?"

"होऊ शकतं. होईलच असं न्हाई. खाणंपिणं सांभाळायचं, अधूनमधून तपासायचं. तुमच्या घरात न्हाई कशावरनं? तपासलंय का कुणी?"

मुलाच्या वडिलांनी चहा संपवला. निरोप देतो म्हणाले आणि उठले.

चप्पल घालून ते फाटकाबाहेर पडताच चुलते माझ्याकडे वळले. "खाल्लीस तू पोरीची सोयरीक."

"आणि तुम्ही बाबांचं नाव खाल्लंत. चांगला माणूस लोकांनी बेवडा ठरवला, अन् तुम्ही कावीळ कावीळ करत बसलात."

मी आणखीही बोलले असते. तेवढ्यात पोरगी आतून आली, नेसलेल्या साडीचा पदर खोचलेला. खाली ठेवलेला रसाचा ग्लास उचलून तिनं मोरीत ओतला आणि ग्लास विसळायला लागली.

"बाबा, उद्या आत्यासोबत जावा," ती पाठमोरीच म्हणाली. "मी बी येते. माझं बी बघू द्या डॉक्टरांना."

चुलते उठून गेले. तलवाड्याचा निरोप अजून आलेला नाही. येईल असं मला वाटतही नाही, आणि त्याचं वाईट वाटतं. पण मातीच्या दिवशी मंडपापलीकडे हसलेला माणूस अजून दुकानात साखर न्यायला येतो. पुढच्या खेपेला मी तिथं असले, तर त्यालाही सांगणार आहे.

त्या दिवशी चुलते गेल्यावर भावानं पाहुण्यांचे कप गोळा केले. मग म्हणाला, "सकाळी निघायच्या आधी चहा तरी चालंल का?"

"न्हाई," मी म्हटलं. "उपाशीपोटी यायचं."