दारावरची झुंबड

मधमाश्यांची पेटी न उघडता आतल्या माश्यांचा अंदाज सांगावा तर काकांनीच. पेटीच्या दारासमोर उकिडवं बसायचं, मिनिटभर माश्यांची ये-जा बघायची आणि आतल्या पोळ्याच्या किती चौकटी माश्यांनी भरल्यात, तो आकडा ठोकून द्यायचा, "पाच चौकटी भरून." लोक उघडून बघायचे, तर पाचच! मग काय, स्वारी दिवसभर हवेत.

यंदा रोगानं त्यांच्याच पेट्या एकेक करत रिकाम्या झाल्या. उरल्या दोन. थंडी तोंडावर आलेली. दोन्हींतल्या माश्या एकत्र केल्या तर निदान एक पेटी तग धरेल. पण एका पेटीत दोन राण्या नांदत नाहीत. म्हणजे कमजोर पेटीतली राणी मारायची. कमजोर कुठली, एवढंच ठरवायचं होतं.

सकाळी काका दोन्ही दारांसमोर बसले. निळ्या पेटीवर नुसती झुंबड. पांढरीवर चार-दोन माश्या, त्याही रेंगाळणाऱ्या.

"पांढरी गेली," काका म्हणाले.

पांढरीतली राणी काकूंनी स्वतः जिवापाड जपून वाढवलेली. त्या म्हणाल्या, "अहो, निळीतल्या एकीच्याही पायाला पराग दिसत नाही. आधी दोन्ही उघडून मोजू की."

"तीस वर्षं काय गवत उपटत होतो मी?"



काकांनी पांढरी उघडून मधली चौकट उचलली; कमजोर पेटीतही तिच्यावर माश्या असतातच. राणी समोरच होती. त्यांनी ती चिमटीत धरून चिरडली. मग पुढची चौकट काढली. चौकट माश्यांनी गच्च भरलेली. त्यापुढचीही तशीच. पेटी सावलीत होती. माश्या अजून बाहेरच पडल्या नव्हत्या.

निळी उघडायचा त्यांना धीर होईना. काकूंनीच उघडली. आत मूठभर माश्या, मधाची घरं फोडलेली, आणि एका कोपऱ्यात रोडावलेली राणी. दारावरची झुंबड परक्या माश्यांची होती, मध लुटायला आलेल्या. लुटारू माश्या पराग आणत नाहीत.

काकूंनी ती राणी अलगद उचलून जाळीच्या डबीत घातली. आता पांढरीला हीच द्यायची होती. मग त्यांनी पांढरीच्या चौकटी मोजल्या.

"सात," त्या म्हणाल्या. डोळे पुसले नाहीत.

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते म्हणाले, "यापुढे तूच मोजत जा."

"मोजायला मला आधीपासूनच येतं," काकू म्हणाल्या. "तुम्हाला ऐकायला जमेल का, ते सांगा."