उस्तादांच्या उजव्या पायाचा फर्मा

उस्तादांनी उभ्या जन्मात हजारो पाय हाताळले, पण स्वतःचा उजवा पाय कुणाला दाखवला नाही. हाताने बूट शिवणारे म्हणून अख्खी गल्ली त्यांना उस्ताद म्हणायची. गिऱ्हाईक दारातून आत येईपर्यंत त्याची टाच कुठल्या बाजूने झिजते हे यांनी ओळखलेलं असायचं. असा हा माणूस, आणि महिन्याभरात त्याला जिना चढवेना. आधी पाठीत कळा, मग पायांना मुंग्या, आणि काल दुकानात उठायला गेले तर पायांत त्राणच नाही.

आता ते इस्पितळात उताणे पडले होते. मणक्यातली एक गाठ मज्जारज्जूवर दाबत होती. डॉक्टरबाईंनी आडपडदा ठेवला नाही.

"कॅन्सर असेल, नाहीतर पू. उद्या सकाळी पाठ उघडून बघू. थांबलो तर पाय कायमचे जातील, आणि उघडूनही वाचतीलच असं नाही." मग त्यांनी उजव्या अंगठ्याच्या मुळाशी आलेल्या टेंगळाला बोट लावलं. "हे काय?"

"लहानपणी ऐरण पडली होती पायावर. हाड वाढलंय."

"कधी सुजतो? ठणकतो?"

"छे, छे! ठणठणीत."

धडधडीत थाप! वर्षातून दोनदा तो अंगठा असा पेटायचा की चादरीचा स्पर्श सहन व्हायचा नाही. मग 'माल आणायला गेलोय' अशी पाटी लावून उस्ताद माळ्यावर झोपून राहायचे. ज्याचे स्वतःचे पाय धड नाहीत त्याच्याकडे बूट कोण शिवेल, ही त्यांची भीती. बायकोने डॉक्टरचं नाव काढलं की अंगावर धावून जायचे.

संध्याकाळी तीच बायको पिशवी घेऊन आली. डोळे रडून लाल, पण आवाज करडा. "अहो, इथेही थापाच मारल्यात ना?" तिने पिशवीतून लाकडाचा पाय काढला आणि डॉक्टरबाईंसमोर टेबलावर आपटला. बूट ज्यावर बेततात तो हा फर्मा, उस्तादांच्या स्वतःच्या मापाचा. अंगठ्याच्या जागी, टेंगूळ वाढेल तसे, कातड्याचे सात तुकडे एकावर एक चिकटवलेले, प्रत्येकाच्या कडेला पेन्सिलीने तारीख. फर्म्यात फरक केला की तारीख टाकायची, ही त्यांची जन्माची शिस्त.

डॉक्टरबाईंनी सातही तारखा वाचल्या. "ऐरण दर वर्षी पडत होती वाटतं?"

उस्तादांनी तोंड भिंतीकडे वळवलं. लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं त्यांना.

पुढे एकच धावपळ. रक्त तपासलं, युरिक ॲसिड भलतंच वाढलेलं. पाठीत सुई घालून गाठीचा कण काढला. "नमुना नेहमीच्या औषधात बुडवू नका, युरिक ॲसिडचे खडे असतील तर विरघळतील. स्पिरिटमध्ये ठेवा," बाई ओरडल्या. भिंगाखाली सुईसारखे खडे दिसले. गाऊट! सांध्यांत असे खडे साचण्याचा अंगठ्यातला आजार मणक्यात जाऊन बसला होता.

"सूज उतरवायचं औषध सुरू करते. दोन दिवस बघू. पायांची ताकद आणखी घटली तर त्याच क्षणी ऑपरेशन."

दोन दिवस बायको पायथ्याशी बसून. दर तासाला तळव्याला हात लावायची, "दाबा." पहिल्या दिवशी काही नाही. ती मात्र म्हणायची, "जोर कुठे गेला? माझ्या अंगावर धावून येताना बरा यायचा!" दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा हात जरासा मागे सरकला. "पुन्हा," ती म्हणाली. पुन्हा सरकला. मग मात्र तिला हुंदका आवरला नाही.

चार महिने झाले. काठी आहे, रोजची गोळी आहे, ती आता जन्माची. टेंगूळ उतरत चाललंय, जुना बूट सैल होतो. आज दुकानात भर गिऱ्हाइकांसमोर उस्तादांनी उजवा पाय उघडा करून कागदावर ठेवला आणि पेन्सिल बायकोच्या हातात दिली.

"सरळ धर. माप चुकेल."

"बोलू नका. नीट उभे राहा," ती म्हणाली.

आणि ते उभे राहिले.