सात मात्रांचे सुभेदार

सुभेदार नानांशी माझी पहिली भेट मी भांडण करायलाच म्हणून घेतली होती. सांगलीहून माझी बदली कोरेगावजवळच्या त्यांच्या गावातल्या हायस्कूलमध्ये झाली, आणि नानांच्याच घराच्या वरच्या दोन खोल्या मी शाळेमार्फत भाड्याने घेतल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी गणिताच्या वह्या तपासत बसले असताना पायाखालची फरशी थरथरायला लागली. आधी वाटलं, खाली पिठाची गिरणी आहे. मग त्या घरघरीतून पेटीसारखा पण दसपट मोठा सूर निघाला, त्यावर गिटार चढली, एक माणूस इंग्रजीत काकुळतीला येऊन काहीतरी सांगू लागला, आणि त्याचं सांगून व्हायच्या आत परत गिरणी सुरू झाली. मी तणतणत खाली गेले.

सोप्यात सत्तरीकडे झुकलेला एक माणूस खुर्चीत ताठ बसला होता. पांढरा बनियन, पिळदार मिशा, डोळे मिटलेले, दोन्ही हात गुडघ्यांवर. भिंतीशी कपाटाएवढे दोन स्पीकर होते. त्यांची बायको, म्हणजे काकी, शेजारी मेथी निवडत बसल्या होत्या. मी तोंड उघडायच्या आत नानांनी डोळे न उघडताच समोरच्या खुर्चीकडे बोट केलं.

"बसा बाई. अजून अकरा मिनिटं हाय. मग भांडू."

मी बसले. राग टिकवायला अकरा मिनिटं फार असतात. गाणं संपलं तेव्हा मी काय बोलायला आले होते तेच मला नीट आठवेना, आणि काकींनी चहा पुढे केला होता.

त्या संगीताला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात हे मला त्या दिवशी कळलं. नाना त्याला नुसतं 'प्रोग' म्हणत. लष्करात ते बिनतारी संदेशाच्या कामावर होते. शिलाँगला असताना एका खासी हवालदाराने त्यांना पहिली कॅसेट ऐकवली. नाना सांगत, "पयल्या बारीला वाटलं टेप अडकली. दुसऱ्या बारीला राग आला. तिसऱ्या बारीला ड्यूटीची येळ झाली तरी उठवना झालं." तेव्हापासून त्यांचा नियमच होता की एकदा ऐकलेलं गाणं ऐकलं म्हणायचं नाही. निवृत्त होऊन गावी येताना लोखंडी ट्रंकेत कपडे कमी आणि कॅसेट जास्त होत्या. पुढे कॅसेट गेल्या, फोन आला, आणि नॉर्वेपासून जपानपर्यंतचे बँड उसाच्या रानात बसून ऐकायची सोय झाली. पाण्याची पाळी असली की ते बांधावर बसून ऐकत. पाट फुटून पाणी शेजाऱ्याच्या रानात गेल्याचंही दोनदा घडलं.

मी एकदा विचारलं, "नाना, ह्या गाण्याला मुखडा नाही, अंतरा नाही. लक्षात काय ठेवायचं?"

"बाई, तुमी खंबाटकीचा घाट चढताना काय लक्षात ठेवता? वळण आलं की वळायचं. कवा तरी वर पोचतोय माणूस."

माझं भांडायला जाणं बंद झालं आणि ऐकायला जाणं सुरू झालं. सुरुवातीला खरं सांगायचं तर मी काकींच्या चहासाठी जायचे. काकींना त्या संगीताचं प्रेम नव्हतं आणि रागही नव्हता. "ह्येंचं इंजिन," एवढंच त्या म्हणत, पण एखादं लांबलचक गाणं मध्येच बंद पडलं तर मान वर करून विचारत, "का वं, संपलं न्हाई ना त्ये?"

एक दिवस नानांनी अचानक विचारलं, "बाई, गाणं लागलं की तुमी हात मांडीखाली का दाबून बसता?"

मला ते माहीतच नव्हतं. पण कारण माहीत होतं. लहानपणी सांगलीत मी गाण्याच्या क्लासला जायचे. एका परीक्षेत हाताने ताल धरताना चुकले, आणि परीक्षकांनी सगळ्या मुलींसमोर सांगितलं, "हिला ताल नाही. हिला दुसरं काहीतरी शिकवा." मी दुसरं काहीतरी शिकले. आरतीलासुद्धा मी कधी टाळी वाजवत नसे. नुसते हात जोडून उभी राहायचे.

नानांनी सगळं ऐकून घेतलं. एक गाणं लावलं आणि म्हणाले, "गणिताच्या बाई हाय न्हवं? मग मोजा."

मी मोजायला लागले. चारात बसेना. पाचात बसेना. तीन आणि चार असं धरलं तेव्हा गाणं एकदम आपल्या जागी बसलं. सात मात्रा होत्या. मग मध्येच त्या नऊ झाल्या, आणि मला ते कळलं. माझे हात कधी वर आले आणि गुडघ्यावर कधी पडायला लागले, कुणास ठाऊक. काकींनी मेथीची जुडी खाली ठेवली होती.

"ताल हाय की तुमाला," नाना म्हणाले. "त्या माणसानं घाई केली."

त्यानंतर वर्षभराने नानांच्या पुतणीचं, ऋतुजाचं लग्न ठरलं. ती नानांच्या धाकट्या भावाची, तात्यांची मुलगी. घर शेजारीच असल्यामुळे ती लहानपणापासून ह्याच सोप्यात वाढली होती. हळदीला गावातली बेंजो पार्टी सांगितली होती, आणि नानांच्या डोक्यात एक जुनीच इच्छा उसळून वर आली. चौदा मिनिटांची एक रचना, स्वतःची. बेंजो, कीबोर्ड आणि हलगी.

तालमी गुऱ्हाळाच्या रिकाम्या शेडमध्ये झाल्या. कीबोर्डवाला लोणंदचा होता, बोट चांगलं, पण सात मात्रा आल्या की हमखास हरवायचा. हलगीवाला शिवा मात्र एकदाच ऐकून म्हणाला, "नाना, ह्ये तर लंगड्या घोड्यागत हाय," आणि ताबडतोब वाजवायला लागला. नानांनी त्याला मिठीच मारली. बाकीच्यांना खुणा कुणीतरी करायला हव्या होत्या. नानांनी ते काम मला दिलं. मी नाही म्हणाले. ते म्हणाले, "बरं," आणि दुसऱ्या दिवशी तालमीला मला घ्यायला स्कूटर घेऊन दारात उभे राहिले.

हळदीच्या दिवशी मांडव भरला होता. सांगलीहून नवरदेवाकडची मंडळी उष्टी हळद घेऊन आली होती. आधी अर्धा तास नेहमीची गाणी झाली, सगळे मनसोक्त नाचले. मग नानांनी मला मान हलवून इशारा केला. मी हात वर केला आणि शिवाची हलगी सातात सुरू झाली.

पहिल्या मिनिटातच नाचणारे एकमेकांच्या पायांवर पडले. दुसऱ्या मिनिटाला सगळे थांबले. सांगलीचे पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले. एक जण मोठ्याने म्हणाला, "ह्येंचा कीबोर्ड बिघडला वाटतं," आणि मांडवात हशा पिकला. तात्या लालबुंद होऊन नानांजवळ आले.

"दादा, बंद कर. पाव्हणं हसायला लागल्यात. पोरीचं लग्न हाय, तुझी परेड न्हाई."

नानांचा चेहरा उतरला. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि थांबवायची खूण करण्यासाठी हात उचलायला लागले. मी ती खूण पाहिलीच नाही असं दाखवलं. आयुष्यात पहिल्यांदा मी ताल धरला होता आणि तो मला कुणाच्याही हसण्यासाठी सोडायचा नव्हता. मी नऊची खूण केली. कीबोर्डवाला बरोबर नवात गेला.

तेवढ्यात पाटावरून ऋतुजा उठली. अंगभर हळद, केसांत अक्षता. ती सरळ मांडवाच्या मध्ये आली आणि नाचायला लागली, तीन पावलं इकडे, चार पावलं तिकडे, जणू जगातली सगळी लग्नं सातातच होतात. तिला ते शिकवावं लागलंच नव्हतं, ती त्याच आवाजात अभ्यास करत मोठी झाली होती. तिच्या मैत्रिणी तिची पावलं बघून मागे आल्या. मग नवरदेवाची बहीण आली. शिवा हलगी वाजवत त्यांच्यात घुसला. शेवटच्या दोन मिनिटांत मांडवात निम्मी माणसं चुकत होती आणि हसत होती, पण आता ते हसणं वेगळं होतं. तात्या कोपऱ्यात उभे होते. त्यांचा उजवा पाय सातात हलत होता, हे मी आणि काकींनी दोघींनीही पाहिलं.

"लोकांस्नी आवडलं का वं?" रात्रीच्या जेवणाला नानांनी काकींना विचारलं.

"निम्म्यांस्नी," काकी म्हणाल्या.

"निम्मी म्हंजे लय झाली," असं म्हणून नानांनी आणखी एक भाकरी घेतली.

पुढे माझी सांगलीला परत बदली झाली. नाना मागच्या पावसाळ्यात गेले, दुपारच्या झोपेत, कुणालाही त्रास न देता. त्याच्या आदल्या वर्षी ते कान दाखवायला सांगलीला आले होते. तपासणीला मी बरोबर होते. डॉक्टरांनी सांगितलं की बारीक, उंच आवाज आता त्यांना ऐकू येत नाहीत आणि पुढेही येणार नाहीत. मला वाटलं नाना खचतील. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना ते म्हणाले, "खालचा बेस हाय की अजून. चला, घाटावर बसू."

कृष्णेच्या घाटावर आम्ही पायऱ्यांवर बसलो. त्यांनी खिशातून इअरफोन काढले, एक आपल्या कानात घातला, एक मला दिला. कुठल्या तरी फिनलंडच्या पोरांचा नवा बँड त्यांनी शोधून काढला होता.

"मला खालचं ऐकू येतंय," ते म्हणाले. "वर काय चाललंय त्ये तुमी सांगा."

मी डोळे मिटले. "झांज आहे नाना. एकदम बारीक, ओल्या वाळूवरून कुणी पाय ओढत चालल्यासारखी. आता तिच्यामागून बासरी आली. वर चढतेय. थांबली. परत चढतेय."

"अकरात हाय न्हवं?"

मी मोजलं. खात्री करायला परत एकदा मोजलं.

"नऊ आहेत, नाना."

गुडघ्यावर त्यांची बोटं हलली, एकेक करत. मग त्यांच्या मिशा पसरल्या.

"व्हय. नऊच हाय," ते म्हणाले आणि त्यांनी मागच्या पायरीला पाठ टेकली. "मग तुमीच मोजा बाई. मी ऐकतो."